चोपन्न टक्के कोणाचे? बडोद्यातील एका वाचनालयाने केलेल्या सर्वेक्षणाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बडोद्याच्या जुन्या भागात, दांडिया बाजार आणि रावपुरा यांच्या परिसरात, अनेक दशके चालत आलेले एक मराठी वाचनालय आहे. त्याचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ज्या काळात हे वाचनालय भरभराटीला आले, त्या काळात त्याचे बहुतेक सभासद पायी येण्याच्या अंतरावर, वाड्यांतून आणि चाळींतून राहत होते. पुढे वाडे विकले गेले, मुले नोकरीला लागली आणि कुटुंबे दक्षिणेकडे मांजलपूर–मकरपुऱ्यात, पश्चिमेकडे विश्वामित्री नदीपलीकडे गोत्री–वासण्याकडे, तर काही कारेलीबागेत आणि वाघोडिया रस्त्यावर राहायला गेली. नोंदवहीत सभासद तेवढेच दिसत राहिले, पण दुपारी टेबलाशी बसणाऱ्यांची संख्या कमी झाली.

प्रस्तुत लेखकाने महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले आहे आणि तो या वाचनालयाचा सभासदही आहे. कार्यकारिणीने सल्ल्यासाठी बोलावले, तेव्हा दोन सर्वेक्षणे आधीच होऊन गेली होती.

प्रश्न

वाचनालयाकडे सुमारे साडेचार लाख रुपये खर्चता येण्याजोगे होते. एका गटाचे म्हणणे होते की या पैशातून मांजलपूर भागात भाड्याच्या जागेत शाखा काढावी. दुसऱ्या गटाला तो पैसा जुन्या वास्तूवर खर्च करून ती संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी ठेवायची होती, म्हणजे नोकरदारांनाही येता येईल. दोन्ही गटांना सभासदांचा पाठिंबा आपल्याकडेच आहे अशी खात्री होती आणि प्रत्येकाने आपापल्या परीने ती सिद्धही केली होती.

शाखेच्या बाजूच्या मंडळींनी सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर एक फॉर्म फिरवला. त्यावर २१२ उत्तरे आली आणि त्यांपैकी १६५ जणांनी शाखा हवी असे कळवले. जुन्या वास्तूच्या बाजूच्या मंडळींनी ग्रंथपालांच्या टेबलावर एक वही ठेवली, तीत पंधरा दिवसांत १४३ जणांनी मत नोंदवले आणि त्यांतल्या फक्त २७ जणांनी शाखेला होकार दिला. एका ठिकाणी सुमारे ७८ टक्के, दुसरीकडे १९ टक्के. दोन्ही आकडे प्रामाणिकपणे गोळा केलेले होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

सभेत कोषाध्यक्षांनी सुचवलेला तोडगा वरवर न्याय्य वाटणारा होता. दोन्हींची बेरीज करा. ३५५ उत्तरांपैकी १९२ शाखेच्या बाजूने, म्हणजे ५४ टक्के. बहुमत झाले, ठराव करा. ठरावाचा मसुदा लिहूनही झाला होता.

या टप्प्यावर एकच हिशेब फळ्यावर मांडला. टेबलावरची वही आणखी दहा दिवस तशीच राहिली असती आणि तीत आणखी १०० जणांनी त्याच प्रमाणात मत दिले असते, तर शाखेच्या बाजूची मते सुमारे २११ आणि एकूण उत्तरे ४५५ झाली असती. म्हणजे ४६ टक्के. कोणाचेही मत न बदलता निकाल उलटला असता. ५४ हा आकडा सभासदांच्या इच्छेबद्दल फारसे काही सांगत नव्हता. वही किती दिवस ठेवली आणि फॉर्म किती जणांपर्यंत पोचला, एवढेच त्यातून कळत होते. व्हॉट्सॲपवर उत्तर देणारे बहुधा दूर राहणारे आणि कमी येणारे होते, तर टेबलापाशी जे आले ते येऊ शकत होते म्हणूनच आले होते. शिवाय प्रस्तुत लेखकाने स्वतः दोन्हीकडे उत्तर दिले होते. असे आणखी किती जण होते हे कळण्याचा मार्ग नव्हता, कारण वहीत नावे नव्हती.

समोर असलेले पर्याय

पहिली सूचना आली ती उत्तरे वाढवण्याची. हजारभर उत्तरे जमली की आकडा आपोआप खरा होईल, असा समज सर्वत्र आढळतो. येथे पां. वा. सुखात्मे यांच्या कामाची आठवण झाली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेल्या या संख्याशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांचा अभ्यास केला. शेतात अगदी लहान तुकडा आखून त्यातले पीक कापून तोलले, तर हेक्टरी उत्पन्नाचा अंदाज सतत जास्तच येतो, असे त्यांना आढळले. सीमेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा संशय आला की कापणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो आणि तुकडा जितका लहान तितकी त्या सीमेची मातब्बरी जास्त. असे शंभर तुकड्यांऐवजी हजार तुकडे कापले तरी प्रत्येकात चूक एकाच दिशेची असल्यामुळे ती फिटत नाही. वाचनालयाच्या टेबलावरच्या वहीचीही तीच गत होती.

दुसरा पर्याय सर्वच सभासदांना विचारण्याचा, म्हणजे छोटी जनगणना करण्याचा होता. नोंदवहीत १,२६० नावे होती. तत्त्वतः हा मार्ग निर्दोष होता, पण नऊ स्वयंसेवक आणि तीन रविवार एवढ्या बळावर तो अर्धवट राहिला असता. अर्धवट जनगणना म्हणजे पुन्हा जे सहज सापडतील त्यांचीच मोजणी.

तिसरा पर्याय नवे काहीही न विचारता देवघेवीच्या नोंदी वाचण्याचा होता. ही दुय्यम माहिती फुकट आणि आधीच लिहिलेली होती, तिच्यात कोणाच्या मताचा प्रश्न नव्हता. ती वापरली गेलीही, पण तिची मर्यादा स्पष्ट होती. पुस्तक नेलेल्याची नोंद होते, वर्तमानपत्र वाचून गेलेल्याची होत नाही आणि जो आलाच नाही तो का आला नाही हे तर कोणत्याच रकान्यात नसते.

उरला चौथा पर्याय. नोंदवहीतून चिठ्ठ्या टाकून घरे निवडायची आणि निवडलेल्या घरी जाऊन विचारायचे. त्यावर एकमत झाले, थोड्या नाखुशीने.

कोणाला मोजायचे

खरा वेळ या प्रश्नात गेला आणि तो जायलाच हवा होता. ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा त्या सर्वांच्या समूहाला समष्टी म्हणतात आणि तिची जी यादी प्रत्यक्षात हाती असते ती नमुन्याची चौकट. या दोहोंमध्ये जेवढी फट असते तेवढी चूक निवडीपूर्वीच शिरलेली असते.

१,२६० नावांत ६८ नावे अशी निघाली की त्याच घरातल्या दुसऱ्या कोणाचे तरी सभासदत्व होते. वडिलांचे जुने चालू होते आणि मुलाने वेगळे घेतले होते. ४१ सभासद वारलेले होते, त्यांच्या घरातून वर्गणी मात्र नियमाने येत होती, पण त्या घरांतील दुसरे नाव आधीच यादीत असल्याने ती वगळता आली. आता प्रश्न असा की मोजायचे काय, सभासद की घर? भारताच्या जनगणनेत कुटुंब म्हणजे सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. मराठीत ‘एक चूल’ म्हणतात तेच. वाचनालयाचे एक कार्ड घरभर फिरते, म्हणून घर हेच एकक ठरवले. एकाच वाड्यात दोन भाऊ वेगळ्या चुली मांडून राहत असतील तर ती दोन घरे, हेही लिहून ठेवले.

त्यानंतर ९७ नावांचा वाद झाला. यांनी तीन वर्षे वर्गणी भरलेली नव्हती आणि दिलेल्या पत्त्यावर ती माणसे राहत नव्हती. कार्यवाहांचे म्हणणे होते की जे सभासद राहिले नाहीत त्यांना विचारायचे कशाला? ते तर्काला धरून वाटले आणि ती नावे वगळली. या निर्णयाकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

१,०५४ घरे उरली. त्यांत जुन्या शहरात ४१२, मांजलपूर–मकरपुऱ्याकडे ३५८, गोत्री–वासणा–अलकापुरीकडे १७१ आणि कारेलीबाग–वाघोडिया रस्ता व इतरत्र ११३ होती.

नमुना

किती घरांना विचारायचे याचे उत्तर किती अचूकता हवी यावर अवलंबून असते. टक्केवारीचा अंदाज ९५ टक्के खात्रीने पाच टक्के कमी-अधिकाच्या आत हवा असता तर या समष्टीसाठी सुमारे २८२ घरे लागली असती. सुमारे सात टक्के चालणार असतील तर १६० पुरत होती. नऊ स्वयंसेवक रविवारी प्रत्येकी सहा घरे करू शकत होते, तीन रविवारांत १६२. हिशेब जुळला आणि १६० वर शिक्कामोर्तब झाले. सूत्राने मर्यादा सांगितली, पण आकडा ठरवला तो स्वयंसेवकांच्या पायांनी, हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

चारही भागांना त्यांच्या घरांच्या प्रमाणात वाटा दिला, अनुक्रमे ६३, ५४, २६ आणि १७. अशा स्तरित निवडीचा फायदा असा की नशिबाने सगळ्या चिठ्ठ्या एकाच भागाच्या निघण्याचा धोका राहत नाही. संगणकाकडून यादृच्छिक क्रमांक दोन मिनिटांत मिळाले असते. तरीही कार्यकारिणीसमोर, भागवार चार डब्यांतून, प्रत्यक्ष चिठ्ठ्याच काढल्या. दोन्ही गटांतील ज्येष्ठांनी आळीपाळीने हात घातला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, पण ज्या सभेत एकमेकांच्या आकड्यांवर विश्वास उरलेला नव्हता, तिथे हे दीड तास वाया गेले असे म्हणता येत नाही.

एक नियम मात्र ठामपणे घातला. घर बंद असेल तर शेजारच्या घरी विचारायचे नाही. “अहो, शेजारीही सभासदच आहेत, मग काय बिघडले?” असे एका स्वयंसेवकाने विचारले. बिघडते ते असे की दिवसा उघडी असलेली घरे बंद घरांसारखी नसतात.

प्रश्नावली आणि पूर्वचाचणी

आधीच्या दोन्ही सर्वेक्षणांतील प्रश्न शेजारी शेजारी ठेवले तेव्हा सभेत हशा पिकला. फॉर्ममध्ये प्रश्न होता, ‘तुमच्या घराजवळ वाचनालयाची शाखा सुरू झाल्यास तुम्हाला आवडेल का?’ वहीत प्रश्न होता, ‘आपल्या ऐतिहासिक वास्तूकडे दुर्लक्ष करून शाखेवर खर्च करावा का?’ उत्तर प्रश्नातच दडलेले होते.

नव्या प्रश्नावलीत पैसा एकच आहे हे आधी सांगितले आणि तीन पर्याय ठेवले. शाखा, जुन्या वास्तूची संध्याकाळची वेळ, किंवा या दोन्हींचा आमच्या घराला उपयोग नाही. निम्म्या प्रतींत पहिल्या दोन पर्यायांचा क्रम उलटा छापला. सेवेविषयीच्या समाधानाला एक ते पाच गुण देण्याचा प्रश्न काढून टाकला. अशा गुणांतून केवळ चढता क्रम कळतो. चार आणि पाच यांतले अंतर दोन आणि तीन यांतल्या अंतराएवढेच असते असे मानून त्यांची सरासरी काढणे फसवे ठरते आणि अहवालात लोक नेमकी तीच काढतात.

नमुन्याबाहेरच्या बारा घरांत पूर्वचाचणी घेतली. तीत कळले की ‘शाखा’ म्हणजे काहींना पूर्ण ग्रंथसंग्रह वाटत होता, काहींना केवळ वर्तमानपत्रांची खोली. गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली तरुण मंडळी मराठी सहज बोलत होती, पण छापील मराठी प्रश्न वाचताना अडखळत होती. म्हणून प्रश्न स्वयंसेवकाने वाचून दाखवायचे असे ठरले. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. दार उघडणारे बहुतेक वेळा आजोबा असत आणि घराचे मत म्हणून स्वतःचेच मत देत. तेव्हा मताच्या प्रश्नापुरता नियम केला की पंधरा वर्षांवरील ज्या व्यक्तीचा वाढदिवस सर्वांत आधी येणार असेल तिला विचारायचे. “तारखेने की तिथीने?” हा प्रश्न चार घरांत आला आणि तारखेने असा खुलासा प्रश्नावलीच्या माथ्यावर लिहावा लागला.

जे भेटले नाहीत

तीन रविवारांनंतर १६० पैकी १०४ घरांची उत्तरे हाती होती. जुन्या शहरात ६३ पैकी ५३, पण मांजलपूर–मकरपुऱ्यात ५४ पैकी २९ आणि गोत्रीकडे २६ पैकी केवळ ११. उरलेल्या भागात १७ पैकी ११. अनेकांनी येथेच थांबावे असे सुचवले, कारण ६५ टक्के प्रतिसाद चांगला दिसत होता. त्या १०४ घरांत शाखेच्या बाजूने ४६, संध्याकाळच्या वेळेच्या बाजूने ४५ आणि ‘उपयोग नाही’ म्हणणारी १३ घरे होती.

उरलेली ५६ घरे भेटलेल्या घरांसारखीच असतील असे मानायला आधार नव्हता. सर्वांच्या मागे लागण्याइतके बळही नव्हते. हॅन्सेन आणि हर्विट्झ या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये अशाच अडचणीसाठी मांडलेला मार्ग येथे घेतला. न भेटलेल्यांतून पुन्हा चिठ्ठ्या काढून थोडेच निवडायचे, त्यांच्यासाठी मात्र कसोशीने प्रयत्न करायचा आणि हिशेबात त्यांना सर्व न भेटलेल्यांचे प्रतिनिधी मानायचे. ५६ पैकी २८ घरे काढली. कामाच्या दिवशी रात्री आठनंतर, आधी फोन करून, काही ठिकाणी तीन-तीन खेपा घालून २६ घरे गाठली.

या २६ पैकी ८ घरांनी शाखा मागितली, ५ घरांनी संध्याकाळची वेळ आणि १३ घरांनी दोन्हींचा उपयोग नाही असे सांगितले. पहिल्या फेरीत आठातले एक घर असे म्हणत होते, येथे निम्मी घरे म्हणत होती. सर्वेक्षणाचा सारा अर्थ या दुसऱ्या फेरीत होता.

आकडे काय म्हणाले

२६ घरांना ५६ घरांचे वजन देऊन एकत्र हिशेब केला तेव्हा शाखा सुमारे ४० टक्के, संध्याकाळची वेळ ३५ टक्के आणि दोन्ही नको २६ टक्के असे चित्र आले. पूर्णांकात बेरीज १०१ होते, हे एका सभासदाने तत्काळ दाखवून दिले आणि पूर्णांकन समजावण्यात दहा मिनिटे गेली. ४० आणि ३५ यांतील अंतर सर्वेक्षणाच्या सात टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा लहान होते. त्यातच थोड्या घरांना जास्त वजन दिल्यामुळे ती मर्यादा प्रत्यक्षात आणखी रुंदावली होती. म्हणजे कोणताही गट जिंकला नव्हता. शाखेच्या बाजूच्या एका ज्येष्ठांनी याकडे पाच टक्क्यांची आघाडी म्हणून पाहिले, तेव्हा पुन्हा चिठ्ठ्या काढल्या तर हे क्रम उलटू शकतात असे स्पष्ट सांगावे लागले. ते त्यांना रुचले नाही.

भेटींच्या आकड्यांनी वेगळाच धडा दिला. घरटी महिन्याला किती भेटी, याची सरासरी पाहून काही जण खूश झाले होते. ती कशी तयार होते हे दाखवण्यासाठी नऊ घरांचे उत्तर फळ्यावर लिहिले: ०, ०, ०, १, १, २, २, २४, २६. सरासरी सहाच्या वर जाते, पण क्रमाने मधोमध येणारी संख्या, म्हणजे मध्यक, १ आहे आणि सर्वाधिक वेळा येणारी संख्या, म्हणजे बहुलक, ० आहे. रोज वर्तमानपत्र वाचायला येणारे दोन सेवानिवृत्त गृहस्थ उरलेल्या सात घरांच्या वतीने येत होते, एवढाच त्या सहाचा अर्थ. शिवाय महिन्यातून दोनदा येतो असे सांगणाऱ्या ३१ घरांपैकी १२ घरांची त्या महिन्यात देवघेवीत एकही नोंद नव्हती. त्यांना खोटे ठरवण्याचे कारण नाही, काही जण केवळ वाचून जात असतील. तरी माणूस आठवणीतून सांगतो तेव्हा त्याला वाटते तसे सांगतो.

निर्णय आणि परिणाम

‘उपयोग नाही’ म्हणणाऱ्या घरांना पुढचा प्रश्न होता, मग काय झाले तर पुस्तक वाचाल? बहुतेकांनी पुस्तक जवळपास कुठे तरी सुटीच्या दिवशी मिळावे असे सांगितले. यावरून एका ज्येष्ठ सभासदांना बडोदे संस्थानातील फिरत्या वाचनालयांची आठवण झाली. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. तीत पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या जात. शंभर वर्षांपूर्वीची ती पेटी आताच्या सोसायटीत का जाऊ नये?

शाखेचा करार लांबणीवर टाकला. सुमारे ऐंशी पुस्तकांची पेटी एका रविवारी मांजलपुरात आणि पुढच्या रविवारी गोत्रीत, दोन सभासदांच्या घरी, दोन तास ठेवायची आणि आठवड्यातून दोन दिवस जुनी वास्तू रात्री साडेआठपर्यंत उघडी ठेवायची, असा सहा महिन्यांचा प्रयोग झाला. मूळ रकमेच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी खर्च आला.

संध्याकाळची वेळ फारशी चालली नाही. दिवसाला तीन-चार माणसे येत, म्हणून दोनाचा एक दिवस केला. पेटीवर देवघेव वाढत गेली, पण हे सहा महिने ऑक्टोबरात सुरू झाले होते. दिवाळी अंकांच्या दिवसांत प्रत्येक मराठी वाचनालयाची देवघेव वाढतेच, तेव्हा ती वाढ पेटीच्या खात्यावर लिहिणे चूक ठरले असते. म्हणून दोनच गोष्टी पाहिल्या. आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना केली आणि आदल्या वर्षभरात एकही नोंद नसलेल्या किती घरांनी पेटीतून पुस्तक नेले ते मोजले. अशी ३७ घरे निघाली. पेटी चालू आहे.

वेगळे काय करता आले असते

प्रत्येक स्वयंसेवकाला त्याच्या घराजवळचा भाग दिला, ही सोयीची पण महागात पडलेली गोष्ट होती. एकाने आणलेल्या अर्जांत उत्तरे संशय यावा इतकी सारखी होती, परंतु तो एकटाच त्या वस्तीत फिरला होता. त्यामुळे सारखेपणा वस्तीचा की विचारणाऱ्याचा, हे वेगळे काढता आले नाही. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी भारतातील नमुना पाहण्यांत एकाच भागातील नमुना दोन स्वतंत्र गटांत वाटून दोघांचे निष्कर्ष ताडून पाहण्याची पद्धत रुजवली, ती नेमकी यासाठीच. येथेही दोघा-दोघांनी एक भाग वाटून घेतला असता तर खर्च वाढला नसता.

दुसऱ्या फेरीत कार्यकारिणीचे सदस्य स्वतः गेले. घरी आलेल्या कार्यवाहांना “तुमचे वाचनालय आमच्या उपयोगाचे नाही” असे तोंडावर सांगणे बडोद्याच्या मराठी घरात सोपे नाही. तेरा घरांनी तरीही सांगितले. खरा आकडा त्याहून मोठा असू शकतो. अर्जांवर नावे होती, हीही त्याच जातीची चूक. नावाऐवजी क्रमांक आणि नावांची यादी ग्रंथपालांच्या कपाटात, एवढे पहिल्या दिवसापासून करायला हवे होते.

सर्वांत मोठी चूक त्या ९७ नावांची. प्रश्न होता अंतरामुळे वाचनालय सुटते का, आणि ज्यांचे ते सुटले त्यांनाच चौकटीबाहेर ठेवले. प्रस्तुत लेखकाने त्या वेळी आक्षेप घेतला नाही. त्यांचा पाचवा स्तर करून पंधरा घरे शोधली असती, तरी पुरले असते. नव्या वर्षात ती यादी पुन्हा बाहेर काढली असून तिच्यातून वीस चिठ्ठ्या काढल्या आहेत. जुने शेजारी, नातेवाईक आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या वह्या यांच्या आधारे आतापर्यंत सात घरांचे नवे पत्ते लागले आहेत, त्यांतले एक पेटी ठेवतात त्याच सोसायटीतले आहे.